वार, बोर्डिंग आणि मूठभर धान्य

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस पुण्यात किंवा कोल्हापुरात शिकायला आलेल्या गरीब ब्राह्मण मुलापुढे पहिला प्रश्न जेवणाचा असे, आणि त्याचे उत्तरही समाजाने तयार ठेवलेले असे. सोमवारी एका घरी पान मांडलेले, मंगळवारी दुसऱ्या घरी, असे सात वार लावून घ्यायचे. एखादा वार सुटला तर झोळी घेऊन माधुकरीला निघायचे. रात्री देवळाच्या ओवरीत नाहीतर ओळखीच्या कुणाच्या पडवीत पथारी टाकायची. यात सुख कसले आले? कुणा घरी शिळेपाके वाट्याला येई, कुणाचे बोलणे मुकाट्याने गिळावे लागे. तरी ती एक व्यवस्था होती. तिच्या आधाराने शेकडो मुले मॅट्रिक झाली, कॉलेजात गेली, वकील आणि मामलेदार झाली.

पन्हाळ्याकडच्या एखाद्या कुणब्याच्या मुलाला हे सात वार कोण देणार होते? तो ज्या घरांत वार मागणार त्या घरांत त्याला पंगतीला बसवत नसत, आणि ज्या घरांत त्याला पंगतीला बसवले असते ती घरे शहरात फारशी नव्हतीच. महाराच्या, मांगाच्या, चांभाराच्या मुलाचा तर विचारही कुणाच्या मनाला शिवत नसे. शाळा सरकारी होती, फी भरली की नाव घातले जाई, तिथपर्यंत कायदा त्याच्या बाजूने होता. पण शाळा सुटल्यावर संध्याकाळी जायचे कुठे आणि खायचे काय, याला उत्तर नव्हते. महाराष्ट्रात उच्च शिक्षण कुणाला मिळाले आणि कुणाला मिळाले नाही, याचा इतिहास आपण बहुधा शाळा-कॉलेजांच्या आणि राखीव जागांच्या अंगाने सांगतो. माझ्या मते तो स्वयंपाकघराच्या अंगाने सांगितला पाहिजे.

जोतीराव फुले यांनी १८८२ साली हंटर शिक्षण आयोगापुढे निवेदन दिले, तेव्हा सरकारच्या शिक्षणखर्चावरच बोट ठेवले. सारा शेतकरी भरतो आणि त्या पैशातून वरच्या वर्गांची मुले वरचे शिक्षण घेतात, हे त्यांनी साहेबाला तोंडावर सांगितले. आयोगाचा अहवाल निघाला, चर्चा झाली. शेतकऱ्याच्या मुलाची रात्रीची सोय मात्र तशीच राहिली.

१८९४ साली शाहू महाराज कोल्हापूरच्या गादीचा कारभार पाहू लागले तेव्हा त्यांनी आपल्याच दरबाराकडे नीट पाहिले. संस्थानाच्या प्रशासनातल्या ७१ मोठ्या जागांपैकी ६० जागांवर ब्राह्मण होते. बाकी साऱ्या जातींना मिळून ११. वीस वर्षांच्या राजाला हे खटकले. त्याने माणसे शोधायला सुरुवात केली आणि मग खरी अडचण कळली: शिकलेली माणसे मिळेनात. मुंबई विद्यापीठाच्या मॅट्रिक परीक्षेत १८८८ साली पहिले आलेले भास्करराव जाधव १८९५ मध्ये संस्थानच्या नोकरीत आले, पण असे भास्करराव हाताच्या बोटांवर मोजण्याइतकेच होते. नोकऱ्या द्यायच्या म्हटले तरी घ्यायला पदवीधर हवा, पदवीधर व्हायचे तर मॅट्रिक हवी, आणि मॅट्रिक व्हायचे तर कोल्हापुरात राहावे लागे.

म्हणून १८९६ साली महाराजांनी राजाराम कॉलेजला जोडून एक वसतिगृह काढले. सगळ्या जातींच्या मुलांसाठी एकच. हेतू उत्तम होता. परिणाम असा झाला की काही वर्षांतच तिथे फक्त ब्राह्मण विद्यार्थी उरले. कुणी पाटी लावून इतरांना मज्जाव केला नव्हता. चालवणारे, स्वयंपाक करणारे, राहणारे सगळे एकाच समाजाचे झाले, आणि बाकीच्यांना तिथे टिकणे जमले नाही. पुढे १९२० साली नाशिकला मराठा वसतिगृहाच्या समारंभात बोलताना महाराजांनी हा अनुभव स्वतःच सांगितला. सर्वांना खुले असलेले दार प्रत्यक्षात कुणासाठी उघडते, हे त्यांनी फार लवकर आणि फार नेमकेपणाने ओळखले होते. आजही एखाद्या नामवंत संस्थेचे लोक ‘आमच्याकडे कुणालाही प्रवेश आहे’ असे म्हणतात, तेव्हा मला कोल्हापूरचे ते १८९६ चे वसतिगृह आठवते.

मग त्यांनी वाट बदलली. १८ एप्रिल १९०१ रोजी व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग सुरू झाले. त्याच वर्षी जैन बोर्डिंग. त्यानंतर मुस्लिम, लिंगायत, दैवज्ञ, शिंपी, पांचाळ, सारस्वत, ख्रिस्ती, प्रभू, वैश्य, ढोर-चांभार, देवांग, नाभिक अशी एकामागून एक बोर्डिंगे वीसेक वर्षांत उभी राहिली. पद्धत साधी होती. त्या त्या समाजातल्या चार कर्त्या माणसांना बोलवायचे, संस्था काढायला लावायची, वर्गणी त्यांनी जमवायची. जागा, इमारत आणि सालाना मदत दरबार देणार. १९०८ साली अस्पृश्य मुलांसाठी मिस क्लार्क बोर्डिंग निघाले. मुंबईच्या गव्हर्नरच्या मुलीचे नाव त्याला दिले होते. कोल्हापूरला वसतिगृहांची जननी म्हणू लागले ते यामुळे. दसरा चौकात आज उभे राहिले तर जैन बोर्डिंग, मुस्लिम बोर्डिंग आणि लिंगायतांचे चित्रदुर्ग मठाचे वसतिगृह एकाच फेरीत पाहता येतात, मध्ये शाहू महाराजांचा पुतळा. ‘बोर्डिंग’ हा शब्द दक्षिण महाराष्ट्रात इतका मुरला आहे की आजोबा कुठे शिकले असे विचारले तर अजूनही उत्तर शाळेच्या नावाने येत नाही, बोर्डिंगच्या नावाने येते.

वसतिगृहाला पुरवणी म्हणून दुसरी गोष्ट आली, आणि ती इतिहासात जास्त गाजली. महाराज सातव्या एडवर्डच्या राज्याभिषेकासाठी विलायतेत असताना २६ जुलै १९०२ चा आदेश निघाला: यापुढे संस्थानात रिकाम्या होणाऱ्या जागांपैकी निदान ५० टक्के जागा मागासलेल्या वर्गांना. ब्राह्मण, प्रभू, शेणवी, पारशी आणि इतर पुढारलेले वर्ग यातून वगळले होते. हा आदेश नोकऱ्यांचा म्हणून ओळखला जातो, पण त्याची सुरुवात शिक्षणापासून होते. मागासलेल्या वर्गांत शिक्षणाला उत्तेजन देऊनही हवा तितका परिणाम झाला नाही. याचे कारण वरच्या शिक्षणाचे फळ पुरेसे पसरलेले नाही, म्हणून या वर्गांना पुढे शिकायला प्रवृत्त करावे यासाठी जागा राखून ठेवीत आहोत, अशी त्याची मांडणी आहे. म्हणजे बापाने पोराला औतावरून काढून कोल्हापूरला का पाठवावे, या प्रश्नाला महाराजांनी दिलेले ते उत्तर होते. आणि आदेशाच्या शेवटी एक कारकुनी वाटणारी अट आहे, तिच्यावर माझा फार जीव आहे: प्रत्येक खातेप्रमुखाने आदेशानंतर झालेल्या सर्व नेमणुकांचा तक्ता दर तिमाहीला सादर करावा. चांगल्या हेतूचे काय होते हे ज्याने राजाराम वसतिगृहात पाहिले होते, तोच माणूस ही अट घालू शकतो.

मुलींच्या बाबतीत हा इतिहास तोकडा आहे, हे सांगितले पाहिजे. ही बोर्डिंगे मुलांची होती. कृष्णाबाई केळवकर यांना संस्थानाने मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात शिकायला मदत दिली, पुढे विलायतेलाही पाठवले आणि त्या कोल्हापुरात डॉक्टर म्हणून काम करू लागल्या. पण त्यांची आई रखमाबाई स्वतः शिक्षण खात्यात होती, घर शिकलेले होते. खेड्यातल्या कुणब्याच्या मुलीसाठी कोल्हापुरात खाट पडायला आणखी पुष्कळ वर्षे जावी लागली.

जातवार बोर्डिंगांनी मुले शिकली यात शंका नाही. त्यांनी जातींच्या संस्थाही बळकट केल्या, यातही नाही. ज्या समाजाचे बोर्डिंग, त्या समाजाचे पुढारी, त्यांची शिस्त आणि त्यांचा सोवळेपणाही. हा दोष नेमका कुठे टोचतो, हे कुंभोजच्या एका जैन मुलाला लवकरच कळले.

भाऊराव पायगोंडा पाटील कोल्हापूरच्या जैन बोर्डिंगमध्ये राहून राजाराम हायस्कुलात शिकत होते. अभ्यासात यथातथाच, अंगाने दांडगे, तालमीत रमणारे. १९०८ साली मिस क्लार्क बोर्डिंगच्या समारंभाला ते गेले. परत आल्यावर आंघोळ करून मगच आत यावे, असे त्यांना सांगण्यात आले. त्यांनी आंघोळ करायला नकार दिला. बोर्डिंगमधून त्यांना काढून टाकले. म्हणजे शाहूंच्या मदतीवर चालणाऱ्या एका वसतिगृहाने शाहूंनीच काढलेल्या दुसऱ्या वसतिगृहाच्या समारंभाला गेल्याबद्दल मुलाला बाहेर काढले. महाराजांनी त्याला राजवाड्यावर ठेवून घेतले. भाऊराव मॅट्रिक कधीच झाले नाहीत, पण कुठले बोर्डिंग काढायचे आणि कुठले नाही, हे ते तिथे शिकले.

पुढची दहाएक वर्षे त्यांनी ओगल्यांचे कंदील विकले, किर्लोस्करांचे नांगर विकले आणि सातारा जिल्ह्यातली गावेच्या गावे पालथी घातली. ४ ऑक्टोबर १९१९ रोजी कऱ्हाडजवळच्या काले गावी, सत्यशोधक समाजाच्या परिषदेच्या निमित्ताने, रयत शिक्षण संस्था स्थापन झाली. १९२४ साली त्यांनी साताऱ्यात बोर्डिंग काढले, आणि त्यात मराठा, महार, मांग, जैन, मुसलमान, रामोशी अशी सगळी मुले एकत्र ठेवली. एकाच चुलीवर स्वयंपाक, एकाच पंगतीला जेवण. स्वयंपाक मुलेच करत, पाणी भरत, भांडी घासत, शेतात राबत, खडी फोडत. १९२७ मध्ये महात्मा गांधी साताऱ्याला आले तेव्हा त्यांच्या हस्ते या वसतिगृहाला छत्रपती शाहू बोर्डिंग हाऊस हे नाव देण्यात आले.

महाराजांना १८९६ साली जे साधले नाही ते भाऊरावांना १९२४ साली कसे साधले, याचा मी पुष्कळ विचार केला आहे. एक कारण उघड आहे: इथे स्वयंपाकी नव्हता. राजाराम वसतिगृहात कुणी कुणासाठी रांधले आणि कुणाच्या हातचे कुणी खाल्ले, याला महत्त्व होते. साताऱ्यात ज्याची पाळी त्याने भाकरी थापायची. ज्याने महाराच्या मुलाने मळलेल्या पिठाची भाकरी खाल्ली, त्याला पुढे आयुष्यात समतेचे व्याख्यान ऐकण्याची गरज उरली नाही. दुसरे कारण धान्याचे. दरबाराची मदत भाऊरावांच्या मागे नव्हती. त्यांनी मुष्टिफंड सुरू केला: घरच्या बाईने रोज जात्यावर बसताना मूठभर धान्य बोर्डिंगसाठी वेगळे काढायचे, आणि ते गोळा करून बोर्डिंगात पोहोचवायचे. वार लावून जेवणाऱ्या मुलाला सात घरे पोसत. इथे गावेच्या गावे पोसू लागली, आणि ज्या बाईची मूठ त्या धान्यात होती तिला जात विचारायची सोयच नव्हती, कारण तिची ज्वारी कोणत्या मुलाच्या पोटात गेली हे तिला कळणार नव्हते.

आणि धान्य कमी पडले तर लक्ष्मीबाई होत्या. भाऊरावांच्या पत्नी सोवळ्याओवळ्याच्या घरात वाढलेल्या. सुरुवातीला या सगळ्या मुलांना घरात घेणे त्यांना जड गेले असणार. पण एकदा घेतल्यावर त्यांनी त्या मुलांना पोटच्या पोरांसारखे सांभाळले. बोर्डिंगसाठी त्यांचे दागिने एकेक करून गेले. भाऊराव बाहेरगावी, घरात पीठ नाही आणि मुले उपाशी, अशा वेळी त्यांनी गळ्यातले मंगळसूत्रही दिले. १९३० साली त्या गेल्या. रयतच्या शाळांमध्ये ही गोष्ट दरवर्षी सांगितली जाते आणि ऐकून ऐकून ती गुळगुळीत झाली आहे. पण त्या काळच्या एका जैन शेतकरी घरातल्या बाईने मंगळसूत्र उतरवून परजातीच्या मुलांसाठी पीठ आणणे म्हणजे काय, हे पुन्हा एकदा थांबून लक्षात घ्यावे.

१९४७ च्या जूनमध्ये साताऱ्याला छत्रपती शिवाजी कॉलेज सुरू झाले. शेतात, बांधकामावर काम करा आणि फी न भरता शिका. ‘कमवा आणि शिका’ ही योजना पुढे महाराष्ट्रातल्या विद्यापीठांनी उचलली ती इथून. शाहू बोर्डिंगमध्ये वाढलेले पी. जी. पाटील विलायतेहून बॅरिस्टर होऊन आले, या कॉलेजचे प्राचार्य झाले आणि पुढे शिवाजी विद्यापीठाचे कुलगुरू. मॅट्रिक न झालेल्या भाऊरावांना १९५९ साली पुणे विद्यापीठाने डी. लिट. दिली. बोर्डिंग १९२४ चे आणि कॉलेज १९४७ चे, मध्ये २३ वर्षे. आज आधी कॉलेजची इमारत उभी राहते आणि वसतिगृहाचा प्रस्ताव फायलीत फिरत राहतो. भाऊरावांनी क्रम उलटा ठेवला होता.

तोच क्रम डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या कामात दिसतो. बडोद्याच्या सयाजीरावांची शिष्यवृत्ती, शाहू महाराजांची मदत आणि नवल भथेना या मित्राने दिलेले कर्ज यांच्या आधारावर न्यूयॉर्क आणि लंडन येथे शिकून आलेल्या या माणसाने १९२४ साली बहिष्कृत हितकारिणी सभा काढली. सभेने हाती घेतलेल्या पहिल्या कामांतले एक म्हणजे सोलापूरचे वसतिगृह. ते १९२५ च्या जानेवारीत सुरू झाले. परळच्या चाळीतल्या खोलीत वडिलांनी पहाटे दोनला उठवल्यावर ज्याने अभ्यास केला, त्याला मुलाला जागा मिळणे म्हणजे काय हे सांगावे लागत नव्हते. विदर्भात पंजाबराव देशमुखांनी अमरावतीला सर्व जातींच्या मुलांसाठी श्रद्धानंद छात्रालय काढले, तेही याच सुमाराला.

व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात गेल्यावर बाबासाहेबांनी केंद्र सरकारकडून अस्पृश्य विद्यार्थ्यांच्या उच्च शिक्षणासाठी दरसाल ३ लाख रुपये मंजूर करून घेतले. १९४४ पासून सुरू झालेली ती मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती आजही चालू आहे. ८ जुलै १९४५ रोजी पीपल्स एज्युकेशन सोसायटी निघाली आणि २० जून १९४६ रोजी मुंबईत सिद्धार्थ कॉलेज. वर्ग सकाळी भरत, म्हणजे गिरणीत, कचेरीत काम करणाऱ्याला शिकून मग कामावर जाता येई.

पण मला सिद्धार्थपेक्षा औरंगाबादचे कॉलेज जास्त महत्त्वाचे वाटते. मुंबईत कॉलेजे होती. मराठवाड्यात जवळपास नव्हती. निजामाचे राज्य १९४८ ला संपले तेव्हा पदवीसाठी मराठवाड्यातल्या मुलाला हैदराबाद गाठावे लागे, आणि तिथे उस्मानिया विद्यापीठाने वर्षानुवर्षे उर्दूतून शिकवलेले. १९५० साली पीपल्स एज्युकेशन सोसायटीने औरंगाबादला कॉलेज काढले, १ सप्टेंबर १९५१ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते इमारतीची कोनशिला बसली. हेच पुढे मिलिंद महाविद्यालय. कॉलेजच्या नागसेनवन या परिसरातल्या वसतिगृहांत बीड, नांदेड, परभणी, उस्मानाबादच्या वस्त्यांमधून मुले येऊन राहू लागली. प्राचार्य म. भि. चिटणीस यांनी या मुलांसाठी ‘युगयात्रा’ हे नाटक लिहिले आणि मुलांनी ते बाबासाहेबांसमोर करून दाखवले. याच परिसरातून पुढे गंगाधर पानतावणे यांचे ‘अस्मितादर्श’ हे नियतकालिक निघाले. दलित साहित्याची चर्चा आपण पुस्तकांपासून सुरू करतो. ते साहित्य लिहिणारी मुले रात्री एका खोलीत चार-सहा जण राहत होती, एकमेकांची पुस्तके वाचत होती, एका मेसमध्ये जेवताना वाद घालत होती. ती खोली मिळाली नसती तर तो वाद झाला नसता.

या मुलांच्या शिकण्याबद्दल समाजात किती राग साठत होता, हे १९७८ ला उघड झाले. मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचे नाव द्यावे, असा ठराव २७ जुलै १९७८ रोजी विधिमंडळाने केला आणि त्यानंतर मराठवाड्यातल्या गावांमध्ये दलित वस्त्या पेटल्या. पोचिराम कांबळे यांना जिवंत जाळण्यात आले. शिष्यवृत्तीवर शिकणाऱ्या मुलांना तेव्हा ‘सरकारी जावई’ म्हणत. महिन्याकाठी मेसच्या बिलालाही न पुरणाऱ्या रकमेसाठी हा टोमणा होता. विद्यापीठाच्या नावात बाबासाहेबांचे नाव यायला १४ जानेवारी १९९४ उजाडावा लागला. एका नावासाठी १६ वर्षे.

या मधल्या काळात सरकारनेही आपला वाटा उचलला, हे खरे. देवराष्ट्रेसारख्या खेड्यातून येऊन कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजात शिकलेले यशवंतराव चव्हाण मुख्यमंत्री झाल्यावर १९५९ साली आर्थिकदृष्ट्या मागास घरांतल्या मुलांची फी माफ झाली. ‘ईबीसी’ हा शब्द गावोगाव पोहोचला आणि एका पिढीची बी.ए., बी.कॉम. त्यावर झाली. समाजकल्याण खात्याची वसतिगृहे जिल्ह्यांच्या ठिकाणी, मग तालुक्यांना उभी राहिली. २०२४ मध्ये मर्यादित उत्पन्नाच्या घरांतल्या मुलींची व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिक्षण फीही शासनाने माफ केली.

फी माफ झाली म्हणजे खर्च संपला असे नाही. पुण्यात इंजिनीअरिंगला प्रवेश मिळालेल्या मुलीच्या बापाला आता कॉलेजच्या फीपेक्षा खोलीचे भाडे, डिपॉझिट आणि मेस यांची धास्ती जास्त वाटते. जून-जुलैत सगळ्या गावांत एकच प्रश्न कानावर येतो, ‘वसतिगृहाला नंबर लागला का?’ ज्यांचा लागत नाही अशा अनुसूचित जातींच्या मुलांसाठी २०१६-१७ पासून स्वाधार योजना आहे. मोठ्या शहरात वर्षाला ६० हजारांपर्यंत रक्कम थेट खात्यात जमा होते. शेतकऱ्यांच्या मुलांसाठी पंजाबराव देशमुखांच्या नावाचा निर्वाह भत्ता आहे. या योजना हव्यातच, आणि त्यांचे पैसे परीक्षा संपल्यावर नव्हे, प्रवेशाच्या वेळी मिळाले पाहिजेत. पण भत्ता म्हणजे वसतिगृह नव्हे. भत्त्यावर राहणारा मुलगा कुठल्या तरी उपनगरात आपल्याच गावच्या, बहुधा आपल्याच जातीच्या दोघा-तिघांबरोबर कॉट बेसिसवर राहतो. पहिल्या वर्षी इंग्रजीतले व्याख्यान डोक्यावरून गेले तर वरच्या वर्गातला मुलगा शेजारच्या खोलीत नसतो. त्याने कॉलेज सोडले तरी ते अधीक्षकाच्या लक्षात येत नाही, कारण अधीक्षकच नसतो. भाड्याच्या जागेत पैसे पोहोचतील. वेगवेगळ्या जातींची मुले तिथे एका पंगतीला बसणार नाहीत, आणि पाळीने भाकऱ्याही करणार नाहीत.